चोरबाजारातला अनोळखी व्हॉल्व्ह

मुंबईच्या मटण स्ट्रीटवरून आणलेला व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतली काचेची नळी, घरी येताच पुसायला घेऊ नकोस! नवशिक्यांची पहिली चूक हीच. काचेवरचा छापील नंबर नुसत्या बोटानेही निघतो आणि तो गेला की ओळखणं फार अवघड. पुसट असेल तर काचेवर तोंडाची वाफ सोड, तिरप्या उजेडात बघ.

जाणत्यांना विचारताना:
- शेजारी पट्टी ठेवून फोटो काढ, खालच्या पिनांचाही.
- कुठल्या रेडिओतून निघाला, तेही सांग.

नंबर ‘ईएल८४’ निघाला, तर ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर (आतली तापणारी तार) आणि ‘८’ म्हणजे नऊ पिनांचं बूड. सध्या एवढं पुरे, बाकीची अक्षरं हळूहळू कळतील. ओळख पटेपर्यंत करंट मात्र अजिबात देऊ नकोस. फोटो पाठव, बघू या.