२० वा आठवडा चालू आहे, पोट फारसं दिसत नाही अन् बाळाची हालचालही जाणवत नाही. हे नॉर्मल आहे का?

आहे नॉर्मल. पहिलटकरणीला हालचाल कळायला १८ ते २० आठवडे लागतात, कधी २२ सुद्धा. तुमच्या डॉक्टरनी हे सांगितलंच असेल, तरी इथे विचारून राहिल्या म्हणजे घरात कोणीतरी डोकं खाऊन राहिलंय.

माझं सांगते. मे महिना, नागपुरात महाल भागात नणंदेच्या मुलाची मुंज, ४५ डिग्रीत मी काठापदराची साडी नेसून बसलेली, पाचवा महिना चालू. भर पंगतीत मोठ्या जाऊबाईंनी पोटावर हात फिरवला अन् म्हणाल्या, "पोट काहून नाही दिसून राहिलं वं? बाळ फिरते का?" नाही म्हटलं तर म्हणे, "माझा तं चौथ्यातच लाथा मारत होता." त्यांचा तो दुसरा होता, दुसऱ्या खेपेला १६ व्या आठवड्यातही ओळखू येतं, पण हे मला तेव्हा कुठे माहीत. सगळ्या बायका माझ्या पोटाकडे बघू लागल्या, एकीने तर जेवण कमी पडत असेल म्हणून ताटात दोन पुरणपोळ्या टाकल्या. रात्रभर कूलरसमोर पोटावर हात ठेवून जागी होते, यांना उठवून रडले पण.

सोमवारी धंतोलीत सोनोग्राफी होती, पाचव्या महिन्यातली मोठी, बाळाचे सगळे अवयव बघतात ती. स्क्रीनवर बघते तर बाळ सायकल चालवल्यासारखे पाय मारतंय अन् मला काहीच नाही! डॉक्टर म्हणाल्या वार (प्लासेंटा) पुढच्या बाजूला आहे, मधे गादी ठेवल्यासारखं, लाथा तिच्यावर बसतात. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, एकदम बरोबर. अन् पहिल्या खेपेला पोटाचे स्नायू घट्ट असतात म्हणून पोट उशिरा दिसतं, बाळ लहान असतं असं नाही.

मला कळलं २२ व्या आठवड्यात, अन् लाथबीथ काही नाही, आत बुडबुडे फुटल्यासारखं. दोन दिवस मी तर्री पोह्यांचा गॅसच समजत होते.

जाऊबाईंनी मग पलटी मारली, "शांत आहे म्हणजे मुलगीच." बेंबीखाली काळी रेघ उमटली त्यावरही अंदाज सुरू. अहो ती रेघ हार्मोन्समुळे येते, मुलगा असो की मुलगी. केसर दुधाने बाळ गोरं होते हे पण डोक्यातून काढा. त्यापेक्षा लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका अन् कॅल्शियमची तिच्यासोबत नको, सासूबाई मला महिनाभर चहाबरोबरच देत होत्या, हिमोग्लोबिन वाढेना. लिंबूपाण्यासोबत घ्या.

आता हे राहिलंच, मी काही डॉक्टर नाही, बँकेत काम करते. २४ आठवडे होऊनही काहीच जाणवलं नाही तर दाखवा. एकदा जाणवायला लागल्यावर कमी झालं, रक्त गेलं किंवा पाणी गेलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला जा, जाऊबाईंना विचारत बसू नका.

त्या रिपोर्टचा फोटो काढून वार पुढे आहे लिहिलेल्या ओळीला लाल गोल करून मी जाऊबाईंना व्हॉट्सअपवर पाठवला होता. निळ्या टिका आल्या. मुलगा आता पहिलीत आहे, उत्तर काही आलं नाही.