सहा लाखांचं पॅकेज, मग हातात ३७,८००च का?

प्रश्न : मुलीला कॅम्पसमधून पहिली नोकरी लागली आहे. पॅकेज सहा लाख, म्हणजे महिना पन्नास हजार. पण एचआर म्हणतं, हातात ३७,८०० येतील. एवढा टॅक्स? ओळखीचे एक विमा एजंट म्हणतात, पॉलिसी घेतली की टॅक्स वाचेल. तिला ५.४० लाखांची आणखी एक ऑफर आहे. ती अर्थातच सोडून द्यायची ना?
– एक पालक

उत्तर : आधी मुलीचं अभिनंदन. दोन्ही ऑफर लेटर सोबत पाठवलीत हे बरं केलंत. बहुतेक जण नुसता आकडा कळवतात.

तुमचा राग टॅक्सवर आहे, पण या पगारातून इन्कम टॅक्सचा एक रुपयाही कापला जाणार नाही. नव्या करप्रणालीत पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते आणि २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरचा कर रिबेटमुळे (सरकार देतं त्या करसवलतीमुळे) शून्य होतो. मुलगी त्याच्या निम्म्यावरही नाही. आणि पॉलिसीच्या हप्त्यावर मिळणारी वजावट फक्त जुन्या प्रणालीत आहे. जो टॅक्स लागतच नाही, तो वाचवायला हप्ता कशाला भरायचा? विमा गरज असेल तर जरूर घ्या, एजंटांच्या या कारणासाठी नको.

मग पैसे जातात कुठे? लेटरच्या शेवटच्या पानावरचा तक्ता बघा. सहा लाखांचं हे पॅकेज म्हणजे सीटीसी (कॉस्ट टू कंपनी), कंपनीला तुमची मुलगी वर्षाला केवढ्याला पडते तो आकडा. तो पगार नव्हे. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ ३६,००० आहे, ग्रॅच्युइटी १४,४३० आहे (नोकरी सोडताना मिळणारी ही रक्कम साधारणपणे पाच वर्षं टिकल्यावरच मिळते), ग्रुप मेडिक्लेमचा म्हणजे आरोग्य विम्याचा हप्ता ९,५७० आहे आणि ४८,००० व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा मिळेलच अशी खात्री नसलेला भाग. हे सगळं वजा केलं की उरतात ४,९२,०००, म्हणजे महिना ४१,०००. त्यातून बेसिकच्या (मूळ पगाराच्या) १२ टक्के, म्हणजे ३,००० तिचा स्वतःचा पीएफ आणि २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स (हा राज्याचा कर, इन्कम टॅक्सहून वेगळा). राहिले ३७,८००. एचआरचं गणित बरोबर आहे. फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स ३०० कापतात. शंभर रुपये कमी आले म्हणून तेव्हा पुन्हा पत्र लिहू नका!

आता ती ‘सोडून द्यायची’ ऑफर. तिच्यात व्हेरिएबल नाही, मेडिक्लेमचा हप्ता धरलेला नाही, आणि पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० कापतात. त्यामुळे पॅकेज साठ हजारांनी लहान असूनही, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी वजा जाता हातात सुमारे ४०,१०० येतील. पहिलीपेक्षा २,३०० जास्त!

पण इथेही घाई नको. पीएफ कापला जातो म्हणजे बुडत नाही, तो तिच्याच नावावर जमतो. पहिलीकडे तिचे आणि कंपनीचे मिळून महिना ६,०००, दुसरीकडे ३,६००. हातातले आणि पीएफचे एकत्र धरा : पहिली ४३,८००, दुसरी सुमारे ४३,७००. म्हणजे व्हेरिएबल शून्य धरलं तर दोन्ही नोकऱ्या सारख्याच, वर पहिलीत मेडिक्लेम. मी तर मुलांना व्हेरिएबल शून्यच धरायला सांगतो. मिळालं तर दिवाळी.

पैशांचा फरक एवढाच असेल तर निवड कामावरून करावी. पहिल्या ऑफरमध्ये सपोर्टचं काम आणि रात्रपाळी दिसते, दुसऱ्या कंपनीत डेव्हलपमेंट. तिला काय करायचंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. पुढचं पत्र तिलाच लिहायला सांगा. त्याआधी तिने पहिल्या कंपनीच्या एचआरला मेल करून एवढं विचारावं : गेल्या वर्षी फ्रेशर्सना व्हेरिएबलचे किती टक्के प्रत्यक्षात दिले, आणि ते दरमहा देता की वर्षाअखेरीस?