जुनी जिप्सी की जुनी थार? काम घरीच करणार असाल तर…

प्रश्न असा आहे की सेकंडहँड फोर बाय फोर घ्यायची, पण गॅरेजला न देता सगळं स्वतः करायचं. मी डोळे मिटून जिप्सी म्हणेन, तीही एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली. १२९८ सीसीचं साधं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग) आणि बॉनेट उघडलं की हात घालायला ऐसपैस जागा. २०२० च्या आधीची थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनवाली) ताकदीला भारी, पण कॉमन रेल डिझेलचे इंजेक्टर अंगणात बसून दुरुस्त होत नाहीत.

मॉडेलपेक्षा चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, गंजलाय का ते बघा. टॉर्च आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली सरळ झोपा आणि मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ टोचा. नवा काळा रंग मारलेला असेल तर जास्त जोरात टोचा! कोकणातली गाडी असेल तर हे दोनदा करा. माझ्या पहिल्या गाडीत स्क्रूड्रायव्हर पापडात जावा तसा आत गेला होता, पण तोवर पैसे देऊन झाले होते.

मग पुढचं चाक जॅकवर उचला आणि वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं तो सांधा) बेअरिंग गेलंय. हे काम घरी होतं, फक्त भाव पाडून घ्या. फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) मातीतच टाकून बघा, कोरड्या डांबरावर वळवू नका.

इंजिन थंड असतानाच गाडी बघायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा पिऊन परत या. आणि आरसीवरचा चासी नंबर स्वतः जुळवा, लिलावातल्या गाड्यांत तर नक्कीच.