सतरा वर्षांच्या पोराला खुनाच्या खोट्या खटल्यात फाशीची शिक्षा होऊ शकते का?

झालीये की. नाशिककडचं २००३ चं दरोडा-खुनाचं प्रकरण बघा. २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. त्यातला एक घटनेवेळी अल्पवयीन होता, हे नंतर उघड झालं. हल्ल्यातून जिवंत वाचलेल्या बाईनं आधी पोलिसांच्या अल्बममधले दुसऱ्याच चौघांचे फोटो ओळखले होते, त्यांच्यामागं कुणी गेलंच नाही. मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सहाही जण निर्दोष सोडले, प्रत्येकी ५ लाख भरपाई.

आरोपीचं वय ठरवायला कोर्ट आधी शाळेचा दाखला बघतं. आमच्या बीडकडं मास्तर सरसकट १ जून ही जन्मतारीख टाकायचे, माझीही तीच. पालावरच्या, भटक्या कुटुंबातल्या पोराकडं तर बऱ्याचदा शाळेचा काय, जन्माचाही दाखला नसतो. मग हाडांची तपासणी, तीही अंदाजानंच.