शस्त्रक्रियेनंतर वजन पुन्हा वाढले, तर?

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. १२२ किलोंवरून ७८ किलोंवर आलेले वजन आता ९६ किलो झाले आहे. पुन्हा शस्त्रक्रिया न करता उपाय आहे का? – एक वाचक भगिनी, विटा (जि. सांगली)

उत्तर : ताई, हा तुमचा गुन्हा नव्हे, हे आधी मनाशी पक्के करा. बायपासमध्ये जठराची लहान पिशवी जिथे आतड्याला जोडतात, ते तोंड काही जणांत कालांतराने सैलावते, अन्न लवकर खाली उतरते आणि जेवून तासाभरात पुन्हा भूक लागते. एंडोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने केलेल्या तपासणीत, हे दिसते. तोंड रुंदावले असेल, तर घशातून दुर्बीण घालून, पोटावर एकही छेद न देता, आतून टाके घालून ते सुमारे ८ ते १० मिलिमीटरपर्यंत आवळता येते. आर्गॉन वायूच्या साहाय्याने कडा शेकून आकसवण्याचीही पद्धत आहे, मात्र तिला अनेकदा एकाहून अधिक बैठका लागतात. पहिल्या शस्त्रक्रियेइतके वजन यात उतरत नाही. तोंड सैल नसेल, तर सेमाग्लुटाइडसारख्या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांचा विचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली करता येतो.

तोवर ताटातली उसळ आधी संपवा, भाकरी नंतर. आणि चहासोबतचे भडंग, आपल्याकडे ते सोडणे किती जड जाते हे ठाऊक असूनही सांगते, बंद करा.