उबंटूवर बसून फ्रीबीएसडीचा प्रोग्राम

प्रश्न: भाऊ, लॅपटॉपवर उबंटू लिनक्स आहे, सी प्रोग्राम फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी करायचाय. जीसीसी कंपायलरने केला तर तिकडे चालतच नाही. (वाचक, भुसावळ)

उत्तर: चालणार कसा भाऊ, तुमचा जीसीसी लिनक्ससाठीच बांधलेला, तो लिनक्सचीच लायब्ररी जोडतो. जीसीसीच हवा तर आधी बायनयुटिल्स (असेंबलर, लिंकर वगैरे साधनं) अन् मग तो, दोन्ही टार्गेट (म्हणजे प्रोग्राम जिथं चालवायचा ती सिस्टीम) देऊन सोर्सपासून बांधा, पण भुसावळच्या मे महिन्यात लॅपटॉप तापवायची हौस असेल तरच! त्यापेक्षा क्लँग हा दुसरा कंपायलर घ्या, तो एकच बऱ्याच टार्गेटला चालतो, फ्रीबीएसडीनेही २०१४ च्या १०.० पासून तोच धरलाय. क्लँगच्या कमांडमध्ये टार्गेट म्हणून प्रोसेसर, सिस्टीम अन् आवृत्ती लिहा, लिंकर (तुकडे अन् लायब्ररी जोडणारं साधन) एलएलडी निवडा. आणि सिसरूट (तिकडच्या हेडर अन् लायब्ररींचं फोल्डर), लोक इथंच अडकतात, फ्रीबीएसडीच्या बेसची, म्हणजे मूळ सिस्टीमची, टार फाइल (फायलींचा गठ्ठा) एका फोल्डरात उघडून त्याचा पाथ द्या, तिची आवृत्ती तिकडच्या मशीनपेक्षा नवी नको.