एमडींच्या डॅशबोर्डवर नेमकं काय दाखवायचं, हे ठरवायचं कसं?

तुमचा वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) ट्रान्सफॉर्मरचा कारखाना, ईआरपी (खरेदी, हिशेब, उत्पादन एकत्र नोंदवणारं सॉफ्टवेअर) चालू आहे, आणि 'काय हवं?' विचारलं की एमडी म्हणतात 'सगळंच दाखवा'. यात साहेबांची चूक नाही, प्रश्नच चुकीचा आहे. असं विचारल्यावर माणूस हातात येणाऱ्या रिपोर्टांचीच यादी सांगतो, नाहीतर सगळंच मागतो.

एमआयटीतले व्यवस्थापन-संशोधक जॉन रॉकार्ट यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत धरा: बाकी सगळं सुरळीत असूनही ज्या चार-सहा गोष्टी बिघडल्या तर धंदा बसेल, त्या आधी शोधायच्या. आकडे नंतर.

सुरुवात वहीने करा. दोन आठवडे साहेब कोणाला फोन करून काय विचारतात आणि उत्तर यायला किती वेळ लागतो, ते पीएकडून टिपून घ्या. मग साहेबांसोबत तासभर बसा. 'गेल्या वर्षी काय उशिरा कळलं म्हणून पैसे गेले?' आणि 'पंधरा दिवस बाहेरगावी असाल तर आल्या आल्या काय विचाराल?' एवढं पुरतं. हेच प्रश्न परचेस, अकाउंट्स आणि प्रॉडक्शनच्या प्रमुखांना एकत्र बसवून विचारा. त्यांची आपसातली वादावादी ऐकण्यासारखी असते.

समजा, साहेब रोज तांब्याचा भाव विचारतात. म्हणून स्क्रीनवर भाव टाकू नका, तो मोबाइलवरही दिसतो. प्राइस व्हेरिएशनचा क्लॉज (कच्च्या मालाच्या भावाप्रमाणे दर बदलण्याची अट) नसलेल्या ऑर्डरींमध्ये भाववाढ तुमच्या अंगावर येते. म्हणजे आकडा हवा तो असा: फिक्स रेटच्या ऑर्डरींसाठी अजून बुक न केलेलं तांबं किती टन, आणि टेंडर भरतानाच्या भावाशी आजचा फरक किती रुपये. सीआरजीओचंही (ट्रान्सफॉर्मरच्या कोअरचं खास पोलाद) तसंच.

दुसरा आकडा तयार होऊन पडलेल्या मालाचा. इन्स्पेक्शन कॉल दिला (म्हणजे ग्राहकाला माल तपासायला बोलावलं) पण इन्स्पेक्टर आला नाही, किंवा 'एर्डा' या चाचणी संस्थेतली टाइप टेस्ट (डिझाइनची चाचणी) बाकी आहे. या तारखा बहुतेक ईआरपीत नसतात. त्या मार्केटिंगच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असतात. त्या रोज भरण्यासाठी एक माणूस नेमला नाही, तर महिन्याभरात ही ओळ मेलीच म्हणा.

येणी मोजताना तर हमखास घोळ होतो. अकाउंट्स बिलाच्या तारखेपासून मोजतं, मार्केटिंग ड्यू डेटपासून, आणि रिटेन्शन (ग्राहकाने हमी म्हणून रोखून ठेवलेली रक्कम) कोणी धरतं, कोणी सोडतं. एकाच मीटिंगमध्ये दोन बेरजा निघाल्या की साहेब पुन्हा ती स्क्रीन उघडत नाहीत. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे सूत्र, तो कुठून येतो, जबाबदार माणूस आणि 'कधीपर्यंतचा' हे लिहून सही घ्या. लाल कधी व्हायचं, ती मर्यादा मात्र साहेबांनीच सांगायची, आयटीने नाही.

प्रोग्रामिंगला हात लावण्याआधी हे सगळं एका ए-फोर कागदावर खऱ्या आकड्यांनी, हाताने भरून तीन सोमवार त्यांच्या टेबलावर ठेवा. ज्या ओळीवरून एकदाही फोन उचलला गेला नाही किंवा काही ठरलं नाही, ती काढायची का ते विचारा. अपवाद क्वचित बिघडणाऱ्या पण बिघडल्यास महागात पडणाऱ्या गोष्टींचा. त्या मर्यादा ओलांडल्यावरच दिसू देत. आणि यादी दर तिमाहीला पुन्हा तपासा: फिक्स रेटच्या ऑर्डरी संपल्या की तांब्याच्या ओळीचं तिथे काही काम उरत नाही.